हॅलो नावाची बाई

मुलीच्या सासऱ्यांची चूक चारचौघांत काढायची नसते, हे कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. छापलेलं असतं तर शुद्धिपत्रांनी ते नक्की वाचलं असतं, आणि बहुधा त्यातली एखादी वेलांटी बदललीही असती.

शुद्धिपत्र हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासून ते घरी बसले, पण त्यांचं तपासणं काही घरी बसलं नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचना, वीजबिलामागचा बारीक मजकूर, किराणावाल्याच्या दुकानावरची पाटी, काही म्हणता काही त्यांच्या लाल पेन्सिलीतून सुटत नसे. लिफ्टमधली ‘दार लावावे’ ही पाटी त्यांनी दुरुस्त केली, तेव्हापासून लोक ती पाटी कौतुकाने वाचत उभे राहत आणि दार लावायला विसरत. इमारतीने त्यांना हे नाव दिलं ते आधी पाठीमागे, मग तोंडावर. आताशा चिडली की बायकोही तेच म्हणायची. त्यांना स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे. शुद्धिपत्र हा शब्द निदान शुद्ध तरी होता.

तर त्या सकाळी व्याह्यांचा संदेश आला. दोन्ही घरांचा मिळून फोनवर एक गट होता, त्याचं नाव ‘दोन घरं’. व्याही हे बस आगारातून निवृत्त झालेले, आवाजाने खणखणीत, मनाने मोकळे. रोज सकाळी ते या गटावर काहीतरी पाठवत. कधी सूर्योदय, कधी सुविचार, कधी सूर्योदयावर लिहिलेला सुविचार. त्या दिवशी लिहिलं होतं, ‘तुम्हाला माहीत आहे का? टेलिफोनचा शोध लावणाऱ्याच्या प्रेयसीचं नाव हॅलो होतं. फोन तयार झाल्यावर त्याने पहिली हाक तिला मारली. जग त्याला विसरलं, पण तिचं नाव आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे.’ आणि खाली व्याह्यांनी स्वतःची एक ओळ जोडली होती, ‘म्हणून मी फोन उचलला की आमच्या हिलाच हाक मारतो, असं समजतो.’

शुद्धिपत्रांनी चहाचा कप खाली ठेवला. हा मजकूर याआधी चार ठिकाणांहून त्यांच्याकडे आला होता आणि चारही वेळा त्यांनी तो दात-ओठ खाऊन सोडून दिला होता. पण माणसाच्या सहनशक्तीलाही समास असतो. त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर जोडत लिहिलं, ‘वरील माहिती चुकीची आहे. अशी कोणतीही स्त्री अस्तित्वात नव्हती. कृपया खात्री केल्याशिवाय असे मजकूर पुढे पाठवू नयेत.’ दोनदा तपासलं आणि पाठवून दिलं.

बायको स्वयंपाकघरातून फोन हातात घेऊनच बाहेर आली.

“अहो, हे काय लिहिलंत?”

“काय चुकलं?”

“विहीणबाई जाऊन अजून वर्षही झालं नाही. त्यांच्याबद्दल लिहिलंय ना त्यांनी खाली.”

“खालच्या ओळीत काहीच चूक नाही,” शुद्धिपत्र शांतपणे म्हणाले. “मी वरच्याबद्दल लिहिलंय.”

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ नुसतं बघितलं. त्या बघण्यात बरंच काही होतं, पण ते लेखी नसल्यामुळे त्यांना ते वाचता आलं नाही.

तेवढ्यात व्याह्यांचं उत्तर आलं. ‘बरं.’ एवढंच. आणि त्याखाली फोनने आपणहून एक ओळ लिहिली, की व्याही गटातून बाहेर पडले आहेत. आता गटात राहिले शुद्धिपत्र, त्यांची बायको, मुलगी आणि जावई. म्हणजे नाव ‘दोन घरं’ आणि माणसं जवळजवळ एकाच घरातली. शुद्धिपत्रांच्या मनात आधी हेच आलं, की आता गटाचं नावही चुकीचं झालं.

दुपारपर्यंत ही बातमी जिन्याने आणि लिफ्टने, दोन्ही वाटांनी, इमारतभर पोहोचली. खालच्या मजल्यावरचे वकील स्वतः वर आले. त्यांच्याकडे अशील कमी आणि सल्ले फार, त्यामुळे एखादं प्रकरण मिळालं की ते सोडत नसत.

“माफी मागायची नाही,” ते खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले. “माफी म्हणजे कबुली. आणि तुम्ही चुकलात कुठे? आता तुमच्याकडे पाहिजे पुरावा. त्यांच्या मनात काय असेल? की हा माणूस म्हणतो, पण कशावरून म्हणतो? भक्कम पुरावा समोर ठेवा, माणूस आपोआप नरमतो.”

“तुमचे व्याही नरमले होते?” बायकोने आतून विचारलं.

“आमचे व्याही गेली सहा वर्षं बोलत नाहीत,” वकील म्हणाले, “पण खोडून काढू शकलेले नाहीत.”

चौथ्या मजल्यावरच्या विमेवाल्यांचं मत वेगळं पडलं. त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं की काही करू नका, असल्या गोष्टी आपोआप विसरल्या जातात. त्यांच्या मेहुण्याच्या बाबतीत असंच झालं होतं. मेहुणा आता बोलतो का, असं शुद्धिपत्रांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, हो, माणूस चुकून समोर आला तर बोलतो. बायको मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, की जाऊन भेटून या. पण भेटून काय बोलायचं हे तिने सांगितलं नव्हतं, आणि वकिलांनी सांगितलं होतं. शुद्धिपत्रांना पुराव्याचा मार्ग मानवला. जन्मभर त्यांनी तेवढंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात गेले. इंग्रजी शब्दांची कुळं आणि मुळं सांगणारा एक थोरला, अनेक खंडांचा कोश तिथे होता, हे त्यांना छापखान्यापासून माहीत होतं. ग्रंथपालबाईंनी आधी सदस्यत्वाचं कार्ड मागितलं. ते त्यांच्याकडे होतं, पण त्यावरचा फोटो काळ्या केसांचा होता आणि समोरचा माणूस पांढऱ्या. हे तुम्हीच कशावरून, असं बाईंनी विचारलं. शुद्धिपत्रांनी कार्डावरच्या पत्त्यात त्यांनीच त्या वेळी केलेली दुरुस्ती दाखवली. बाईंनी त्यांचं अक्षर आणि ती दुरुस्ती ताडून पाहिली आणि त्यांना आत सोडलं.

पण कपाटात ‘एच’चा खंड नव्हता.

“बांधणीला गेलाय,” बाई म्हणाल्या. “पाठ निघाली होती. तुम्ही ‘जी’ बघा ना, ‘जी’ आहे.”

“मला हॅलो बघायचंय.”

“मग ‘जी’पासून सुरुवात करून ठेवा. तोवर येईल.”

हे त्या विनोदाने म्हणाल्या की मदत म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. शुद्धिपत्रांनी बांधणीवाल्याचा पत्ता घेतला आणि थेट तिथे गेले. बांधणीवाला एका लांबट खोलीत कागदांच्या ढिगांमध्ये बसून हल्लीच्या खळीला पूर्वीचा चिवटपणा राहिला नाही, असं भेटेल त्याला सांगत होता. शुद्धिपत्र छापखान्यातले आहेत म्हटल्यावर त्याला हक्काचा श्रोता मिळाला. त्याने ‘एच’चे सुटे फर्मे त्यांच्यासमोर ठेवले आणि स्वतः खळीबद्दल बोलत राहिला.

त्या सुट्या पानांत शुद्धिपत्रांना जे हवं होतं ते सगळं मिळालं. प्रेयसीबियसी कोणी नव्हती. टेलिफोनचा शोध लावणाऱ्याला तर फोन उचलल्यावर खलाशी एकमेकांना घालतात तसली हाक घालायची होती. हॅलो रूढ झालं ते दुसऱ्याच एका संशोधकाच्या आग्रहाने. आणि शब्द त्याच्याही आधीपासूनचा; शिकारी कुत्र्यांना हाकारायचे, लांबच्या माणसाला थांबवायचे, तेव्हा असंच काहीसं ओरडायचे. त्याच्याही मागे आणखी जुनी रूपं होती, पण शुद्धिपत्रांनी ती घाईघाईने टिपून घेतली आणि पान उलटलं. त्यांचं काम झालं होतं. आनंदाने त्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच आनंदात, शेजारच्या रकान्यात एक अक्षर उलटं छापलेलं दिसलं तेव्हा त्यांचा हात खिशाकडे गेला. समासात त्यांनी लाल पेन्सिलीने एक छोटीशी, सुबक खूण केली. बांधणीवाल्याने ती ग्रंथालयात कळवली. चाळीस वर्षांच्या सवयीने केली, हे त्यांनी नंतर ग्रंथपालबाईंना सांगून पाहिलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचं कार्ड टेबलाच्या खणात ठेवून खण बंद केला. सार्वजनिक मालमत्ता, असा एकच शब्द त्या बोलल्या. ते खरं तर दोन शब्द होते, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

घरी येऊन शुद्धिपत्रांनी व्याह्यांना खाजगी संदेश लिहिला. लांबलचक, मुद्देसूद, परिच्छेद पाडून, शेवटी संदर्भांसह. पाठवला. व्याह्यांनी तो उघडल्याची खूण उमटली. त्यानंतर काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. शुद्धिपत्रांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं, की मजकुरात एकही चूक नाही आणि तरीही तो परत येत नाही. छापखान्यात बिनचूक मजकुरावर निदान सही तरी व्हायची.

तिसऱ्या दिवशी कामावरून परस्पर मुलगी आली. चप्पल न काढताच दारातल्या खुर्चीवर बसली. भांडायला आली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, पण ती दमलेली दिसत होती.

“बाबा, ते फोन उचलत नाहीत,” ती म्हणाली.

“माझा?”

“कोणाचाच. घरातला फोन वाजतो आणि ते समोर बसून राहतात. मी म्हटलं, अहो बाबा, उचला ना, तर म्हणतात, असेल कोणीतरी.”

“फोनचा आणि माझा काय संबंध?”

“आमच्याकडे फोन आईंनीच उचलायचा, अशी पद्धत होती. ते आगारात दिवसभर फोनवर, म्हणून घरी त्याला हात लावायचे नाहीत. आई गेल्यावर फोन वाजला की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. कितीतरी महिने. मग तो मेसेज आला त्यांच्याकडे कुठूनतरी. तुम्हाला पाठवायच्या आधी आठवडाभर त्यांनी जपून ठेवला होता. आणि बाबा, त्या आठवड्यात ते फोन उचलायला लागले होते. मी ऐकायचे ना. इतकं छान हॅलो म्हणायचे.”

शुद्धिपत्रांनी फोन उघडून गटावरची आपली ओळ पुन्हा वाचली.

“तुमचं बरोबरच होतं,” मुलगी म्हणाली. “चूक आहे असं कोण म्हणतंय?”

आणि ती गेली. तिच्या त्या शेवटच्या वाक्यात रागाचा लवलेशही नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्यांना फार वाईट वाटलं. आपल्या मुलीला रोज त्या वाजणाऱ्या फोनच्या घरात जायचं आहे आणि ती घंटा आपण तिच्यामागे लावून दिली आहे, हे त्यांना आता दिसलं.

त्या संध्याकाळी त्यांनी फोन हातात घेऊन एक ओळ लिहिली. ‘अधिक शोध घेता माझी माहिती चुकीची असल्याचे आढळले. हॅलो नावाची एक स्त्री होती.’ त्यांनी ती वाचली. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, विरामचिन्हं नेटकी, आणि मजकूर धादांत खोटा. बायको शेजारी बसून बघत होती. एरवी ती म्हणाली असती, एवढं काय त्यात, पाठवून टाका. पण ती गप्प होती. चाळीस वर्षं ज्याच्या डोळ्याखालून खोटं अक्षर गेलं नाही, त्या माणसाने असं काही पाठवलं तर व्याह्यांना लगेच कळेल, आणि मग ते त्यांच्या दुःखावर दया केल्यासारखं होईल, हे दोघांनाही एकदमच उमगलं असावं. शुद्धिपत्रांनी ओळ खोडली.

“मी जाऊन येतो उद्या,” ते म्हणाले.

“वकिलांना विचारलंत?”

“नाही.”

“मग जा,” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी स्वतःच दार उघडलं. क्षणभर दोघेही उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

“या व्याही,” व्याही म्हणाले. “पेन्सिल आणलीय की घरी ठेवलीय?”

“घरी ठेवलीय,” शुद्धिपत्र म्हणाले, आणि ते खरं होतं. येताना त्यांनी ती खिशातून काढून बायकोच्या हातात दिली होती.

व्याह्यांनी चहा स्वतः केला. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना दोन डबे उघडल्यावर सापडलं. खोलीत कोपऱ्यात एका छोट्या टेबलावर फोन होता, त्याच्याखाली विणलेला रुमाल, आणि शेजारी कोणीही बसत नसलेली खुर्ची. दोघांनीही तिकडे न बघता चहा घेतला. शुद्धिपत्रांनी येताना रिक्षात तीन-चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता वेळेवर आठवेना.

“ते खोटं आहे हे मला माहीत होतं हो,” व्याहीच बोलले. “जन्मभर आगारात फोन घेतलाय मी. दिवसभर हॅलो म्हणायचो आणि पलीकडून शिव्या खायचो. गाडी का आली नाही, कंडक्टर असा का बोलला. त्यात प्रेम कुठून येणार?”

“मग पाठवलंत कशाला?”

“आवडलं म्हणून.” व्याह्यांनी कप खाली ठेवला. “तुम्ही लिहिलंत तेही बरोबरच होतं. पण ते आलं नेमकं माझ्या ओळीच्या खाली. वर माझं, आमच्या हिच्याबद्दल. आणि खाली तुमचं, अशी कोणतीही स्त्री अस्तित्वात नव्हती. मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. मग वाटलं, हे तर खरंच की. दोन कपाटं रिकामी केली सुनेने. पासबुकावरचं नाव कमी झालं. आता कोणी म्हटलं, दाखवा बघू, होती का कोणी, तर मी काय दाखवणार?”

शुद्धिपत्रांनी आयुष्यभर ओळी तपासल्या होत्या, पण कुठली ओळ कोणत्या ओळीच्या खाली येते आणि कोणाच्या डोळ्यांना ती कशी दिसते, हे बघणं त्यांच्या कामात कधी आलं नव्हतं.

“माहिती बरोबर होती,” ते म्हणाले. “मी चुकलो.”

व्याह्यांनी मान हलवली. मग व्याही म्हणाले, “तुम्ही ते लांबच्या लांब काय पाठवलं होतंत? मी उघडलं आणि घाबरून बंद केलं. वाटलं, नोटीस आली.”

शुद्धिपत्रांना हसू आलं, आणि मग त्यांनी सांगायला घेतलं. खलाशांची हाक, दुसरा संशोधक, शिकाऱ्यांची कुत्री. इथे परिच्छेद नव्हते की संदर्भ नव्हते, त्यामुळे त्यांना घाईही नव्हती. आणि सांगता सांगता ते त्या जुन्या रूपांपाशी आले, जी त्यांनी बांधणीवाल्याकडे नुसती टिपून घेतली होती.

“एका मताप्रमाणे,” ते सावकाश म्हणाले, “अगदी मुळात ती नावाड्याला घातलेली हाक होती. नदीच्या या काठावर उभं राहून, पलीकडच्या काठावरच्या नावाड्याला. की ये, ने मला.”

व्याह्यांनी धंद्याच्या माणसाच्या गांभीर्याने ऐकलं. “म्हणजे आमच्याकडे शेवटच्या गाडीला हात करतात, तसं.”

“तसंच.”

“लांब असणार तो. दिसतही नसेल कधी कधी.”

“नसेल.”

“आणि नावाडी आलाच नाही तर?”

शुद्धिपत्रांनी विचार केला. काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना मनापासून वाटलं. सकाळच्या संदेशांत असतं तसलं एखादं वाक्य अगदी ओठांशी आलं होतं.

“त्याबद्दल काही दिलेलं नाही,” ते म्हणाले.

व्याही त्यांच्याकडे बघत राहिले. “हे बरं केलंत,” ते म्हणाले. “नाहीतर लोक काहीतरी सांगतात.”

त्याच वेळी कोपऱ्यातला फोन वाजला. व्याही जागचे हलले नाहीत. फोन वाजत राहिला. शुद्धिपत्रांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, कारण अर्धवट राहिलेली कुठलीही गोष्ट त्यांना बघवत नसे.

“मी उचलू का?” त्यांनी न राहवून विचारलं.

“नको,” व्याही म्हणाले. “बसा तुम्ही.”

ते उठले, हात पँटला पुसले, रिसीव्हर उचलला. “हॅलो,” ते म्हणाले. जरा जास्तच मोठ्यांदा, आणि मग दम धरून थांबले. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. व्याह्यांनी आपला नंबर काय ते सांगितलं, हवा असलेला नंबर काय ते विचारलं, कुठला आकडा मागेपुढे झालाय ते समजावून दिलं, असू दे असू दे म्हणाले, आणि रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. परत येऊन बसले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“कोण होतं?”

“कोणी बाई होत्या,” व्याही म्हणाले. “नंबर चुकला होता त्यांचा.”

“चुकू दे,” शुद्धिपत्र म्हणाले, आणि गार झालेला चहा संपवला.